दोन एकवीस ते अडीच

गोखिवऱ्यातून जाणारा मुख्य रस्ता एका टोकाला वसई रोड स्टेशनला आणि दुसऱ्या टोकाला वसई फाट्यावर, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जाऊन मिळतो. संध्याकाळी कारखाने सुटायच्या वेळी रेंज ऑफिसच्या नाक्यावर दहा मिनिटे उभे राहून बघावे. गाळ्यांतला माल भरलेले टेम्पो, रिक्षा, पाण्याचे टँकर, पुढे एक आणि मागे एक पोर बसवून निघालेल्या स्कूटर. मान वाकडी करून खांद्यात फोन दाबलेला माणूस दिसतो. हेल्मेटच्या आत फोन खोचून बोलणारा दिसतो. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाइलवर सरकवणारा टेम्पोवाला दिसतो. मी इथेच राहतो. हे बघून आता कोणी दचकत नाही, मीही पुष्कळदा दचकत नाही, आणि याचीच मला भीती वाटते.

म्हणून एका दुपारचा घटनाक्रम लिहितो आहे. दुपार आमच्या पालघर जिल्ह्यातली, रस्ताही आमच्याच फाट्यावरून जाणारा. त्या अपघातात मोबाइलचा ठपका कोणावर ठेवलेला नाही, हे आधीच सांगतो. तरीही मोबाइलबद्दल बोलायला मला याहून योग्य दुपार सापडली नाही. त्याचे कारण तिच्या शेवटच्या पाच सेकंदांत आहे.

रविवार, ४ सप्टेंबर २०२२. दुपार.

गौरीपूजनाचा दिवस. आमच्याकडे घरोघरी पुरणाचा वास होता. तिकडे गुजरातेतल्या उदवाड्याहून एक मर्सिडीज मुंबईला निघाली. उदवाडा म्हणजे पारशांचे मोठे तीर्थस्थान. इराणशाहचा पवित्र अग्नी १७४२ सालापासून तिथे आहे. गाडीत चौघे होते. चालवत होत्या मुंबईतल्या एक नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ, शेजारी त्यांचे पती. मागच्या सीटवर सायरस मिस्त्री आणि त्या पतींचे भाऊ जहांगीर पंडोल. मिस्त्री २०१२ ते २०१६ टाटा सन्सचे अध्यक्ष होते, वय ५४. त्यांचे वडील पालनजी मिस्त्री २८ जूनला गेले होते. पंडोल बंधूंच्या वडिलांना जाऊनही थोडेच दिवस झाले होते. दुःखातली माणसे प्रार्थना करून घरी परतत होती.

या घटनाक्रमातला एक क्षण कुठल्याही कॅमेऱ्यात नाही. गाडी सुरू होण्याआधी चौघे आपापल्या जागी बसले, दारे लागली. पुढच्या दोघांच्या अंगावर पट्टे आले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पुढे पोलिसांच्या तपासात निघाले. मागच्या सीटवरही पट्टा लावायचा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत तेव्हाही लिहिलेले होते. आपल्याकडे मागे बसणारा म्हणजे पाहुणा. त्याला पट्टा लावायला सांगणे लोकांना उगाच आगाऊपणाचे वाटते. माझ्या घरच्या गाडीतही त्या दिवसापर्यंत मागचे पट्टे सीटच्या फटीत गेलेले होते.

पुढचे सगळे ठरायला लागले ते इथून, रस्ता लागण्याच्याही आधी.

दुपारी २ वाजून २१ मिनिटे

महामार्गावरच्या तपासणी नाक्याच्या कॅमेऱ्यात गाडी दिसली. अपघात झाला साधारण अडीचला. मधले अंतर २० किलोमीटर, लागलेला वेळ नऊ मिनिटे, असे पोलिसांनी त्यानंतर सांगितले. हिशेब केला तर सरासरी वेग ताशी १३० किलोमीटरच्या वर जातो.

नऊ मिनिटे म्हणजे किती? रविवारी वाहतूक मोकळी असेल तर गोखिवरे नाक्यावरून वसई स्टेशनला रिक्षाने पोचायला साधारण तेवढी लागतात. त्या नऊ मिनिटांत गाडीत काय बोलणे झाले, कोणी डोळे मिटून घेतले होते का, खिडकीबाहेर कोण बघत होते, हे सांगणे माझे काम नाही. अशा गाडीत आत बसून वेग कळत नाही, एवढे मात्र खरे. काचा बंद, आवाज नाही, धक्का नाही. बाहेरची झाडे मागे पळतात तेवढाच पुरावा. जुन्या एसटीत ताशी साठला खिडक्या खडखडायला लागायच्या, ड्रायव्हरच्या पायालाच सूचना मिळायची.

अडीचच्या अलीकडची पाच सेकंदे

चारोटीजवळचा, सूर्या नदीवरचा पूल. अहमदाबादहून येणारा रस्ता इथवर तीन लेनचा असतो आणि पुलाच्या तोंडाशी दोन लेनचा होतो. शेजारी बसलेल्या पतींनी पोलिसांना दिलेल्या जबाबाचा आशय असा: पुढची एक गाडी तिसऱ्या लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये गेली, आमच्या गाडीनेही तसेच जायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्या लेनमध्ये ट्रक दिसला आणि तिकडे जाता आले नाही.

उजवीकडे ट्रक, समोर पुलाचा कठडा.

गाडीच्या आतल्या यंत्राने नोंदवलेली माहिती कंपनीने तपास अधिकाऱ्यांना दिली. धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक लागला. त्या वेळी वेग ताशी १०० किलोमीटर होता, धडकेच्या क्षणी ८९.

हे आकडे मी किती वेळा वाचले असतील. चांगल्या गाडीचा ब्रेक सर्व ताकदीने दाबला तर शंभरच्या वेगातली गाडी पाच सेकंदांच्या आत उभी राहू शकते. इथे पाच सेकंदांत कमी झाले फक्त अकरा. म्हणजे त्या पाच सेकंदांतला मोठा भाग पूर्ण ताकदीच्या ब्रेकचा नसावा, ठरवण्याचा असावा. आत घुसू का? ट्रक जाऊ दे का? जागा आहे का? डोळ्याने बघायचे, मेंदूने ठरवायचे, मग पायाने दाबायचे. तेवढ्यात गाडी १३० मीटर पुढे गेलेली असते.

आता माझा मुद्दा. या अपघाताच्या चौकशीत गाडी चालवणाऱ्यांवर ठपका आला तो बेफिकीर वाहन चालवण्याचा. त्याचा निवाडा न्यायालय करील. हातात फोन होता असे कोणी म्हटलेले नाही. पतींच्या जबाबावरूनही पुढची गाडी, लेन, ट्रक, हे सगळे दिसत होते असेच निघते. आणि डोळे रस्त्यावर असूनही त्या वेगात पाच सेकंदे पुरली नाहीत.

मग ज्याचे डोळे रस्त्यावर नाहीत, त्याला किती सेकंदे मिळतात?

याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून खऱ्या रस्त्यांवर चालकांच्या नजरेचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. मेसेज वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंदे रस्त्यावर नव्हती. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात ४.६ सेकंदांत गाडी शंभर मीटरच्या वर जाते. आपल्या वसईकरांच्या मापाने सांगायचे तर लोकलचे जवळजवळ पाच डबे. डोळे बांधून लोकलच्या पाच डब्यांएवढे अंतर गाडी चालवायला सांगितले, तर रेंज नाक्यावरचा एकही टेम्पोवाला तयार होणार नाही. पण फोन वाजला की तोच माणूस ते अंतर दिवसातून पन्नास वेळा तोडतो.

दुसरे घड्याळ

चारोटीचा कठडा समोर आहे, अडीच वाजायला आले आहेत. इथे थांबून दुसऱ्या एका दुपारचे वेळापत्रक सांगावे लागेल. फोनचे घड्याळ आणि चाकांचे घड्याळ शेजारी ठेवून इतके नेमके तपासले गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

लॉस एंजेलिस, शुक्रवार, १२ सप्टेंबर २००८. आपल्या लोकलसारखी उपनगरी गाडी. मोटरमन पहाटेच कामावर आला होता.

सकाळी ६.४४ ते ८.५३. पहिली फेरी. गाडी चालवत असताना त्याच्या फोनवर २१ मेसेज आले, त्याने २४ पाठवले. काहीही झाले नाही. गाडी वेळेवर पोचली, लोक उतरून कामाला गेले. मला या घटनाक्रमातली सगळ्यांत घातक वेळ हीच वाटते. काहीही झाले नाही, म्हणून तर दुपारी पुन्हा तेच झाले.

मध्ये काही तास सुट्टी. दुपारी २ वाजता तो पुन्हा कामावर हजर.

दुपारी ३.०३ पासून. दुसरी गाडी, क्रमांक १११. सात मेसेज आले, पाच गेले. पलीकडे रेल्वेचे वेड असलेला एक किशोरवयीन मुलगा होता. त्याला इंजिनात बसू द्यायचे, चालवू द्यायचे, असे दोघांत ठरत होते.

४ वाजून २१ मिनिटे ३ सेकंद. शेवटचा मेसेज आला. गाडी चॅट्सवर्थ स्टेशन सोडून निघालेली. पुढे एकेरी मार्ग, समोरून मालगाडी, आणि सिग्नल लाल.

४ वाजून २२ मिनिटे १ सेकंद. त्याने उत्तर पाठवले. लाल सिग्नल मागे पडलेला होता.

४ वाजून २२ मिनिटे २३ सेकंद. टक्कर.

मालगाडीच्या चालकांनी समोरची गाडी दिसताच ब्रेक दाबला होता. त्यांना दोन सेकंदे मिळाली. मोटरमनने ब्रेकला हातच लावला नाही. तो स्वतः आणि २४ प्रवासी, मिळून २५ जण गेले, शंभरावर जखमी झाले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने जानेवारी २०१० मध्ये निष्कर्ष दिला: मेसेजमध्ये लक्ष गुंतल्याने त्याने लाल सिग्नल पाळला नाही. आठवड्याच्या आत कॅलिफोर्नियाने चालत्या रेल्वेत चालकांना फोन वापरायची बंदी घातली, आणि महिन्याभरात देशभर तशी बंदी आली. चालक चुकला तर गाडी आपोआप थांबावी अशी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली.

चारोटीला पाच सेकंदे ब्रेक, चॅट्सवर्थला शून्य. फोनने जे नेले ते एवढेच, आणि तेच सगळे होते.

दुपारी अडीच

गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. ताशी ८९ किलोमीटर.

पुढच्या दोघांना पट्ट्यांनी आणि हवेच्या पिशव्यांनी धरून ठेवले. ते गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांना धरून ठेवणारे काही नव्हते. गाडी थांबते तेव्हा आतला सुटा माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी ८९ हा वेग दहा मजली इमारतीवरून खाली पडणाऱ्या माणसाचा जमिनीवर आदळतानाचा वेग आहे. वसईत आता दहा-दहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. एकदा त्यांच्या गच्चीकडे मान वर करून बघावे.

कासाच्या सरकारी रुग्णालयात नेले तेव्हा सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झालेला होता. जखमींना आधी वापीला आणि मग मुंबईला हलवले.

आणखी तासाभराने ती गाडी आमच्या वसई फाट्यावरून गेली असती. उड्डाणपुलाखालून रस्ता ओलांडणाऱ्या कोणाचे तिच्याकडे लक्षही गेले नसते.

त्यानंतरचे दिवस

६ सप्टेंबरला वरळीला मिस्त्रींवर अंत्यसंस्कार झाले. त्याच आठवड्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी मागच्या सीटच्या पट्ट्यासाठीही दंड होईल, असे जाहीर केले. मुंबईत १ नोव्हेंबरपासून चारचाकीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा झाला. ५ नोव्हेंबरला कासा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. एका नामवंताच्या मृत्यूने हा रस्ता दिल्लीपर्यंत पोचला, याचे मला वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की बाकीच्यांच्या मृत्यूने तो पोचला नव्हता.

ठाण्यातल्या घोडबंदरपासून पालघरमधल्या दापचरीपर्यंतच्या सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी सप्टेंबरपर्यंतच ६२ माणसे मेली. चारोटीजवळ २६, मनोरजवळ ११, आणि चिंचोटीजवळ २५. चिंचोटी म्हणजे आमचे शेजारचे गाव. पावसाळ्यात धबधब्याला जाणारी पोरे आमच्याच नाक्यावर वडापाव घेऊन पुढे जातात. चारोटी देशाला माहीत झाले; चिंचोटीचे पंचवीस आमच्या आमच्यात राहिले.

आणि फोन? केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ साली देशभर वाहन चालवताना मोबाइल वापरल्यामुळे ३,३९५ मृत्यू नोंदले आहेत. त्या वर्षीचे रस्त्यावरचे एकूण मृत्यू १,६८,४९१. शंभरात दोन. माझा या दोनावर विश्वास नाही. अपघातानंतर फोन रस्त्यावर पडलेला असतो, किंवा कोणीतरी खिशात घातलेला असतो. जो बघत होता तो सांगायला उरत नाही, किंवा उरला तर सांगत नाही. कागदावर ‘भरधाव वेग’ लिहिले जाते आणि पान उलटते. प्रत्येक जीवघेण्या अपघातात चालकाच्या फोनच्या नोंदी चॅट्सवर्थसारख्या सेकंदासेकंदाने तपासायला हव्यात. ते तंत्र आपल्याकडे आहे. खुनाच्या तपासात पोलीस रोज वापरतात.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४, २०१९ ची दुरुस्ती: हातात फोन घेऊन वाहन चालवणे म्हणजे धोकादायक वाहन चालवणे. पहिल्याच वेळी हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायची मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नसेल तरच. कानात यंत्र घालून बोलणाऱ्यांना वाटते आपण सुटलो. युटा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेअर यांनी अनेक वर्षे हेच तपासले: हात मोकळे असले तरी बोलण्यात गुंतलेला मेंदू समोरचे बघूनही न बघितल्यासारखा वागतो. घरात भांडण चालू असताना दूध उतू जाते, ते डोळ्यांसमोरच जाते.

आजची संध्याकाळ, सात वाजता

मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक लोणावळ्याजवळ बस चालवता चालवता मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रीकरण करून थेट परिवहन मंत्र्यांना पाठवले. चालकाला कामावरून काढले, खासगी कंत्राटदाराला पाच हजारांचा दंड झाला. घाटातल्या त्या बसचेही घड्याळ उलटे चालू झालेले होते. सुदैवाने बस स्वारगेटला पोचली. दंडाची रक्कम मला फार कमी वाटते. पण त्या प्रवाशाचे काम मोठे आहे. तो गप्प बसला नाही.

आता पुन्हा रेंज ऑफिसचा नाका. गाळ्यातून माल निघाला की टेम्पोवाल्याचा फोन वाजायला लागतो. “कुठे पोचलास?” शेठ विचारतो. “किती वेळ?” भिवंडीत माल उतरवून घेणारा विचारतो. “येताना कोथिंबीर आणा,” घरून सांगतात. फोन उचलला नाही तर तिघेही पुन्हा लावतात, आणि चौथ्या वेळी आवाज चढलेला असतो. पोरगा पंचविशीचा, पगार खेपेवर, महामार्गावर आधीच उशीर झालेला. त्याने फोन उचलू नये, हे सांगणे सोपे आहे. पण तो उचलतो तेव्हा पलीकडे कोण असतो?

हा लेख वाचणाऱ्यांत टेम्पो चालवणारे थोडे असतील. त्यांना फोन लावणारे मात्र आपण सगळे आहोत.

म्हणून माझे मागणे चालकाकडे नाही, तुमच्याकडे आहे. आज संध्याकाळी नवऱ्याला, मुलाला, ड्रायव्हरला, पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला फोन लावाल, तेव्हा पहिला प्रश्न “कुठे पोचलास?” हा नको. “गाडी चालवतोयस का?” हा विचारा. तो हो म्हणाला, किंवा मागून हॉर्न ऐकू आला, तर पुढचे वाक्य बोलू नका. फोन ठेवून द्या.